बार्बिकनचा हॅम्लेट: सेट डोळ्यात भरतो, पण बाजी मारतात कपडे

पहिलंच सांगते, हा नटांचा रिव्ह्यू नाही. बेनेडिक्ट कंबरबॅचने हॅम्लेट कसा केला यावर २०१५ पासून जगभरच्या लोकांनी एवढं लिहून ठेवलंय की त्यात माझी भर नको. मला बोलायचंय ते त्या प्रयोगाच्या सेटबद्दल आणि त्याहून जास्त कपड्यांबद्दल, कारण मी स्वतः हौशी नाटकांची वेशभूषा बघते (बघते म्हणजे काय, कापड आणण्यापासून एंट्रीच्या आधी विंगेत उभं राहून सेफ्टी पिन लावेपर्यंत सगळं), आणि आपल्याकडे परीक्षणात या दोन गोष्टींच्या वाट्याला शेवटच्या परिच्छेदातलं 'नेपथ्य व वेशभूषा साजेशी' एवढं एक वाक्य येतं आणि विषय मिटतो. साजेशी म्हणजे कशाला साजेशी हो? नाटकाला, नटाच्या पोटाला, की निर्मात्याच्या खिशाला?

असो. आधी माल काय आहे ते सांगते. लंडनच्या बार्बिकन थिएटरमध्ये ऑगस्ट ते ऑक्टोबर २०१५ हे नाटक झालं. दिग्दर्शन लिंडसी टर्नर, सेट एस डेव्हलिन, कपडे कॅटरिना लिंडसे, लाइट्स जेन कॉक्स. चौघीही बायका, हे मला नंतर क्रेडिट्स वाचताना लक्षात आलं आणि उगाच बरं वाटलं. तिकिटं वर्षभर आधीच उडाली होती. मग १५ ऑक्टोबरला एनटी लाइव्हने, म्हणजे लंडनच्या नॅशनल थिएटरची नाटक थेट सिनेमा हॉलमध्ये दाखवायची जी सर्व्हिस आहे ना २००९ पासूनची, तिने ते जगभर दाखवलं, आणि तेच रेकॉर्डिंग अधूनमधून पुन्हा लागत असतं. मुंबईत एनसीपीएला एनटी लाइव्हची स्क्रीनिंग होतात, तिथल्या यादीवर लक्ष ठेवा. लागलं तर मोठ्या पडद्यावरच बघा, का ते पुढे सांगते.

गोष्ट काय आहे ते फार सांगत बसत नाही, एवढंच की राजा मेलाय, त्याच्या भावाने गादी आणि राणी दोन्ही घेतलीत, आणि बापाचं भूत राजपुत्र हॅम्लेटला सूड घ्यायला सांगतं. हॅम्लेट आपल्याला परका नाहीच, आगरकरांनी १८८३ साली त्याचं 'विकारविलसित' केलं आणि गणपतराव जोशींनी शाहूनगरवासी मंडळीत ते असं गाजवलं की आमच्या आजोबांच्या पिढीतले लोकही न बघता त्याबद्दल बोलायचे. २०१८ मध्ये चंद्रकांत कुलकर्णींनी सुमीत राघवनला घेऊन नाना जोगांचं भाषांतर उभं केलं, त्याचं नेपथ्य प्रदीप मुळ्येंचं. तेव्हा मराठी प्रेक्षकाला राजवाडा, भूत, कवटी हे सगळं पाठ आहे. त्यामुळेच मला बघायचं होतं की पाठ असलेली गोष्ट कापडातून आणि लाकडातून नव्याने कशी सांगतात.

सुरुवात एकदम छोटी. भव्य बिव्य काही नाही. एक अंधारी खोली, सामानाच्या पेट्या, एक जुना रेकॉर्ड प्लेअर, त्यावर नॅट किंग कोलचा आवाज, आणि जमिनीवर बसून फोटोंचा अल्बम चाळणारा एक मुलगा. बाप गेलाय आणि घर आवरायला घेतलंय, असं वाटतं. मूळ नाटक सुरू होतं तटावर, पहारेकरी, थंडी, 'कोण आहे तिकडे' वगैरे. इथे ते पहिलं 'कोण आहे' हॅम्लेटच विचारतो, त्याच्या खोलीत बसून. (सुरुवातीच्या प्रिव्ह्यूंमध्ये तर 'टू बी ऑर नॉट टू बी' हे स्वगतच नाटकाच्या तोंडाला टाकलं होतं, त्यावरून तिकडच्या पेपरांत एवढा गदारोळ झाला की नंतर ते आत हलवलं. नाटक नीट उघडलंही नव्हतं आणि लोक भांडत होते, म्हणजे पुणं सगळीकडे आहे.)

आणि मग ती खोलीची मागची भिंत वर जाते.

इथे थिएटरमधल्या बायकाबाप्यांनी श्वास रोखला असणार, कारण सिनेमा हॉलमध्येसुद्धा कोणीतरी 'बापरे' म्हणालं. मागे अख्खा राजवाडा. खूप उंच, निळसर हिरव्या भिंती, वळत खाली येणारा रुंद जिना, वर गॅलरी, झुंबर, भिंतीवर पूर्वजांची पोर्ट्रेट्स, हरणांची शिंगं, शस्त्रं, आणि मधोमध लग्नाच्या जेवणाचं लांबच्या लांब टेबल, फुलांनी मेणबत्त्यांनी भरलेलं. बार्बिकनचा फ्लाय टॉवर, म्हणजे स्टेजच्या वर सामान ओढून घ्यायची जी पोकळी असते ती, आधीच अवाढव्य आहे आणि डेव्हलिनबाईंनी त्याचा इंच न इंच वापरलाय. बाई तशा मोठमोठ्या कॉन्सर्टचे सेट करणाऱ्या, बियॉन्से, अडेल, कान्ये वेस्ट, शिवाय २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकचा समारोप पण त्यांचाच, तेव्हा भव्य म्हटल्यावर त्या लाजणार नाहीतच.

आता माझी पहिली तक्रार. राजवाडा भव्य आहे, मान्य, पण पहिल्या अर्ध्या तासात त्याला जे सांगायचं ते सांगून होतं. श्रीमंती, पूर्वजांचा दबदबा, शिकारीची हौस, लष्करी घराणं, सगळं कळलं. पुढे तोच हॉल पोलोनिअसच्या (राजाचा सल्लागार, ओफेलियाचा बाप) घरगुती प्रसंगाला वापरतात, तोच भुताला, तोच राजाराणीच्या खासगी बोलण्याला, आणि मग होतं काय की दोन माणसं एकमेकांशी हळू आवाजात बोलतायत आणि त्यांच्याभोवती एवढी रिकामी जागा उरलीय की ती लग्न उरकल्यावर कार्यालयात मागे राहिलेल्या नातेवाइकांसारखी दिसतात. कोणी म्हणेल तेच तर दाखवायचंय, माणसं खुजी आणि वाडा मोठा. हो, पण ते दर प्रसंगात दाखवायची गरज नाही. हॅम्लेट हा जास्तीत जास्त एकटा राहू पाहणारा माणूस आहे आणि हा सेट त्याला एक कोपरासुद्धा देत नाही.

तो कोपरा मग लाइट्स देतात. स्वगत सुरू झालं की जेन कॉक्स सगळा दरबार एका थंड उजेडात ढकलतात आणि फक्त हॅम्लेटवर वेगळा प्रकाश येतो, आजूबाजूचे लोक स्लो मोशनमध्ये खातायत, हसतायत, ग्लास उचलतायत. पहिलं मोठं स्वगत तर तो त्या जेवणाच्या टेबलावर चढून म्हणतो, ताटांच्या मधून चालत. मला ही आयडिया दोन कारणांनी आवडली. एक तर टेबल हे त्या सगळ्या सेटमधलं एकमेव सामान आहे जे पुढे पुन्हा पुन्हा वेगळ्या कामाला येतं, जेवण, मोर्चा, लपाछपी, स्टेजवरचं स्टेज. आणि दुसरं, टेबलावर चढल्यावर त्याचे बूट दिसतात. वेशभूषावाल्यांना विचारा, बूट दिसणं म्हणजे काय असतं ते. आपल्याकडे पहिल्या रांगेचे डोळे बरोबर नटाच्या पावलाच्या पातळीला असतात आणि तरी शिवकालीन नाटकात कोणाच्या तरी पायात कोल्हापुरीऐवजी घरची स्लिपर निघतेच.

सेटबद्दल अजून एक बोलायचं तर आपल्या लोकांनी हा सेट बघून उगाच न्यूनगंड घेऊ नये. हा सेट एका जागी तीन महिने उभा होता. त्याला कुठे जायचं नव्हतं. आपला व्यावसायिक नाटकाचा सेट सकाळी बालगंधर्वला, संध्याकाळी चिंचवडला, दुसऱ्या दिवशी बसच्या टपावरून नाशिकला, आणि तो लावायला मिळतो जेमतेम तास दीड तास, कारण आधीचा प्रयोग संपलेला नसतो. फ्लॅट, म्हणजे सेटच्या भिंतींचे तुकडे, हलके हवेत, बिजागऱ्यांवर दुमडायला हवेत, दोन माणसांना उचलता यायला हवेत. या सगळ्या अडचणीतून 'तो मी नव्हेच' सारखं नाटक १९६२ पासून फिरता रंगमंच घेऊन गावोगाव हिंडलं, ही गोष्ट कुठल्याही डेव्हलिनच्या तोडीची आहे असं माझं प्रामाणिक मत. पैसा जास्त असला की उंची वाढते, अक्कल वाढतेच असं नाही. (तिकडे एक मात्र हेवा वाटण्यासारखं आहे. बार्बिकनच्या प्रत्येक रांगेला स्वतःचं दार आहे आणि प्रयोग सुरू होताना ती सगळी दारं आपोआप एकदम बंद होतात. आपल्याकडे पहिला अंक निम्मा होईपर्यंत मोबाइलचे टॉर्च लावून लोक एफ सोळा शोधत असतात.)

आता कपडे. इथे मी जरा रेंगाळणार आहे.

कॅटरिना लिंडसेंनी ठरवून कुठलाही एक काळ धरलेला नाही. पहिल्यांदा बघताना माझा घोटाळा झाला, कारण दरबारातली मंडळी जुन्या युरोपियन घराण्यातली वाटतात, औपचारिक, कडक, सगळं कसं बटणं लावलेलं, आणि त्यात हॅम्लेटचा मित्र होरेशियो येतो तो पाठीला सॅक, चौकड्यांचा शर्ट, हातावर टॅटू. म्हणजे हा कुठल्या शतकातला? कोण म्हणेल गोंधळ. मला दहा मिनिटांनी कळलं की इथे कपड्याने काळ दाखवायचाच नाहीये, माणूस वाड्याच्या आतला की बाहेरचा एवढंच दाखवायचंय. जो वाड्याचा आहे तो कडक कापडात. जो बाहेरून आलाय, ज्याला बाहेर जायचंय, तो मऊ, चुरगळलेल्या, रोजच्या कपड्यांत. होरेशियो विद्यापीठातून आलाय, त्याला परत जायचंय, त्याची सॅक त्याच्या पाठीवर असते. एक सॅक आणि काम झालं. शब्दातून हे सांगायला तुम्हाला पान दीड पान लागलं असतं.

हॅम्लेट या दोघांच्या मधे अडकलाय आणि त्याचे कपडे तेच करतात. लग्नाच्या मेजवानीत सगळे नटलेले आणि हा सुतकाच्या काळ्यात. हे मूळ नाटकातच आहे, आई त्याला सांगतेच की हा काळा रंग उतरव आता, त्यात डिझायनरचं कौतुक नाही. कौतुक पुढे आहे. वेडाचं सोंग घेतल्यावर काय घालायचं, हा हॅम्लेट करणाऱ्या प्रत्येक वेशभूषाकाराला पडणारा प्रश्न. नेहमीचं उत्तर म्हणजे शर्ट बाहेर, मोजे खाली, केस विस्कटलेले. लिंडसेंनी त्याला घातलाय खेळण्यातल्या शिपायाचा लाल युनिफॉर्म. आणि त्याच्याबरोबर स्टेजवर येतो एक खेळण्यातला किल्ला, माणूस आत शिरू शकेल एवढा, मोठाल्या खेळण्यातल्या शिपायांसकट. हा राजपुत्र लहान मुलासारखा टेबलावर कवायत करतोय.

हे मला फार म्हणजे फार आवडलं. का ते सांगते. एक म्हणजे रंग. एवढा वेळ आपण निळ्या हिरव्या भिंती बघतोय आणि अचानक त्यावर हा भडक लाल, डोळा दुसरीकडे जाऊच शकत नाही. सेट आणि कपडे करणाऱ्या दोन बाया एकमेकींशी बोलल्यात हे इथे दिसतं. आपल्याकडे पुष्कळदा सेटचा रंग पहिल्यांदा कळतो तो ग्रँड रिहर्सलला, आणि तोवर नायिकेची साडी त्याच रंगाची घेऊन झालेली असते, मग ती बिचारी अख्खा अंक भिंतीत विरघळून जाते. दुसरं म्हणजे अर्थ. सुरुवातीला जो मुलगा पेट्यांमधून बापाचे फोटो काढत होता, तो आता त्याच पेट्यांमधल्या आपल्या लहानपणात जाऊन लपलाय असं वाटतं. वाड्याच्या भिंतीवर खरी शस्त्रं टांगलेली आहेत, खरं लष्करी घराणं आहे, आणि हा त्याची नक्कल खेळण्यातल्या कपड्यात करतोय, म्हणजे वेड पण आहे आणि टोमणा पण. काकाला चिडायला जागा आहे पण काही बोलता येत नाही. शर्ट बाहेर काढून हे कसं साधणार होतं?

काही समीक्षकांना हा किल्ला बालिश वाटला, हॅम्लेट तिशीचा असताना हे काय, वगैरे. मला वाटतं बालिश दिसणं हाच त्यातला डाव आहे. पण एक मान्य करते, किल्ला आत आणायला आणि बाहेर न्यायला जो वेळ जातो त्यात लय सुटते, आणि त्या प्रसंगानंतर त्याचा पुरेसा उपयोग होत नाही. एवढी मोठी प्रॉपर्टी (म्हणजे स्टेजवर वापरायचं सामान) आणलीत तर तिच्याकडून अजून काम करून घ्या ना.

मग नाटकातलं नाटक. इथे हॅम्लेट स्वतःच नटांमध्ये घुसून विषप्रयोग करणाऱ्याचं काम करतो, आणि त्याच्या अंगात एक लांब कोट आहे ज्याच्या पाठीवर रंगाने 'किंग' असं खरडलंय. छापलेलं नाही, शिवलेलं नाही, खरडलंय, पोरांनी भिंतीवर खरडावं तसं. राजा कोण हा सगळ्या नाटकाचा वाद आहे आणि तो इथे एका कोटाच्या पाठीवर आणून ठेवलाय. शिवाय तो पाठीवर आहे हे लक्षात घ्या. समोरून हा एक विक्षिप्त माणूस, पाठ फिरवली की राजा. नट पाठ फिरवतो तेव्हा आपल्याकडे दिग्दर्शक ओरडतात, इथे पाठ फिरवण्याला किंमत आणून दिलीय. मी घरी येऊन माझ्या वहीत याचं चित्र काढून ठेवलं, कधीतरी चोरणार आहे, सांगून चोरते म्हणजे चोरी नाही.

या कपड्यांचा अजून एक गुण असा की ते नवे दिसत नाहीत. हे ऐकायला साधं वाटतं पण स्टेजवर कपडा जुना दिसायला लावणं हे शिवण्यापेक्षा जास्त कष्टाचं काम आहे. कोपर, गुडघे, कॉलर, खिशाच्या कडा, जिथे माणसाचा हात लागतो तिथेच कपडा झिजायला हवा. आम्ही हौशी लोक चहाच्या पाण्यात बुडवतो, पॉलिश पेपर घासतो, बटण मुद्दाम वेगळं लावतो. एनटी लाइव्हचे कॅमेरे एकदम जवळ जातात, तिथे नवा कपडा लगेच पकडला जातो, आणि इथे तो पकडला जात नाही. लिंडसेंना 'ले लिएझाँ दांजरोज' आणि 'हॅरी पॉटर अँड द कर्स्ड चाइल्ड' या नाटकांच्या कपड्यांसाठी २००८ आणि २०१८ चे टोनी (अमेरिकेतल्या ब्रॉडवेच्या नाटकांचे पुरस्कार) मिळालेत, पण माझ्या मते बाईंची खरी ताकद झगमगाटात नाही, या झिजलेल्या कडांमध्ये आहे.

ओफेलियाबद्दल, म्हणजे हॅम्लेटचं जिच्यावर प्रेम आहे तिच्याबद्दल, बोलायलाच हवं. शान ब्रुकने केलेली ही ओफेलिया सतत गळ्यात कॅमेरा घेऊन फिरते, फोटो काढते. फुलं माळलेली, पांढऱ्या झग्यातली नाजूक मुलगी नाही, साधे कपडे, स्वतःचं काहीतरी काम असलेली मुलगी. भावाबरोबर पियानो वाजवते. मला आधी वाटलं होतं की कॅमेरा म्हणजे आधुनिक दाखवायचा एक स्वस्त उपाय, पण त्या कॅमेऱ्याला पुढे काय काम दिलंय ते बघा. नंतर तिची ट्रंक उघडली जाते तेव्हा आत तिने काढलेले फोटो आहेत आणि तो कॅमेरा आहे, आणि ते बघून राणीला कळतं की ही पोर आता परत येणार नाही. एक शब्द नाही. प्रॉपर्टी आणि वेशभूषा यांच्यातली सीमा कुठे असते असं मला नवीन मुलं विचारतात, त्यांना मी आता हा कॅमेरा सांगते.

पण हे सगळं मध्यंतरानंतरचं, आणि मध्यंतराच्या आधी जे होतं त्यासाठी मी डेव्हलिनबाईंना सगळं माफ केलं.

राजा हॅम्लेटला इंग्लंडला पाठवून तिथे मारायचा हुकूम काढतो. त्याचं बोलणं संपतं आणि राजवाड्याची दारं फटकन उघडतात, आणि बाहेरून प्रचंड वाऱ्याबरोबर काळा कचरा आत घुसतो, स्टेजभर, जिन्यावर, टेबलावर, सगळीकडे. एवढं बंदिस्त, एवढं आवरलेलं घर, आणि बाहेरचं सगळं एका झटक्यात आत. मध्यंतर. आणि परत येऊन बघतो तर तोच हॉल, तीच झुंबरं, तीच पोर्ट्रेट्स, आणि जमिनीवर मातीचे, ढिगाऱ्यांचे डोंगर. अक्षरशः डोंगर. जिना अर्धा गाडला गेलाय. आणि नाटकात कोणीही त्याबद्दल एक शब्द बोलत नाही. राजा राणी तसेच वावरतात, फक्त आता ढिगाऱ्यांवरून चढत उतरत, तोल सांभाळत.

याला म्हणतात सेटने काम करणं. पहिल्या भागात तो नुसता दिमाखात उभा होता, दुसऱ्या भागात तो नटांच्या पायाला धरतो. प्रत्येक चाल बदलते. झपझप येणारा ओफेलियाचा भाऊ लेअर्टीस आता धडपडतो. जे लोक आधी सरळ रेषेत चालायचे ते आता वाट शोधत चालतात. घराला कीड लागलीय, राज्य सडलंय, हे वाक्य नाटकात आहेच, पण इथे ते नटांच्या घोट्यांना जाणवतंय आणि म्हणून आपल्यालाही. आपल्या वाडा चिरेबंदीत अंगणात गंजत पडलेला तो ट्रॅक्टर आठवतो का, ज्याला ठेचकाळत सगळे जातात? एलकुंचवारांनी ते एका ट्रॅक्टरात केलं, इथे त्यासाठी ट्रकभर माल लागला, पण जात तीच.

आणि कपडे इथेही पुढे. मातीत वावरायचं म्हणजे प्रत्येक कापडाच्या कडेला माती लागणार, मळणार, आणि प्रयोग तर रोज. म्हणजे एकेका कपड्याच्या किती जोड्या, रोजची धुलाई, कुठलं कापड किती धुण्यांत रंग सोडेल, हा सगळा हिशोब कोणीतरी केला असणार, आणि त्या कोणाचंही नाव टाळ्यांच्या वेळी घेतलं जात नाही. स्टेजवर अशा ठिकाणी शक्यतो खरी माती घालत नाहीत, धूळ उडून नटाचा घसा बसतो, म्हणून हलकं, कमी धूळ करणारं काहीतरी वापरतात. तरीसुद्धा त्यावर अनवाणी चालणं सोपं नाही. ओफेलिया अनवाणी चालते. वेड लागल्यावर ती त्या ढिगाऱ्यावरून मागे मागे, उजेडाकडे चढत जाते, पाठमोरी. पाय रुतत असतात. आणि मग राणी ट्रंक उघडते आणि तिच्या मागे धावते. अख्ख्या प्रयोगात सेट, लाइट आणि कपडे या तिघांचं एकमेकांशी पूर्ण जमलेलं हे एक दृश्य, आणि यासाठी तिकिटाचे पैसे वसूल.

थडगं खणणारा आणि बापाचं भूत ही दोन्ही कामं कार्ल जॉन्सनच करतात, ते पण या मातीमुळे वेगळं लागलं. ज्या बापाने पोराला सूड घ्यायला लावला तोच चेहरा मळक्या कपड्यात कवट्या वर काढतोय. एकाच नटाने दोन कामं करायची जुनीच रीत आहे, आपल्याकडे तर माणसं कमी पडली की करतातच, पण इथे ती मुद्दाम केल्यासारखी वाटते.

शेवटची तलवारबाजी मात्र मला सेटच्या दृष्टीने फसलेली वाटली. आजूबाजूला एवढे ढिगारे आणि त्यांचा लढाईत म्हणावा तसा वापर नाही, पुन्हा तेच स्लो मोशन, आणि प्रेतं पडायला लागली तेव्हा मी प्रेतांकडे न बघता झुंबराकडे बघत होते. एवढं सगळं पडलं तर ते झुंबर तरी पडायचं होतं. गंमत सोडा, पण ज्या सेटने मध्यंतराला एवढा मोठा धक्का दिला त्याच्याकडे शेवटासाठी काही उरलेलंच नाही. याच बाईंनी पुढे 'लेहमन ट्रिलॉजी'साठी काचेची फिरणारी खोली केली, तिला २०२२ चा टोनी मिळाला, त्यात सेट पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत नाटकाबरोबर चालतो. ते बघितल्यावर हा हॅम्लेटचा सेट मला तिकडे जायच्या वाटेवरचा वाटतो.

आता रेकॉर्डिंगबद्दल, कारण तुम्ही आम्ही बघणार ते तेच. कॅमेरा नटांच्या चेहऱ्यावर फार वेळ राहतो. नटांसाठी बरं, सेटसाठी वाईट. पूर्ण स्टेज दाखवणारे शॉट कमी, आणि तो हॉल पूर्ण दिसला नाही तर त्याचा अर्धा मुद्दा जातो. म्हणूनच म्हटलं मोठा पडदा. लॅपटॉपवर हा सेट म्हणजे एक निळी भिंत आणि मधे कंबरबॅचचं नाक. कपड्यांना मात्र क्लोजअपचा फायदा झालाय, विणी, शिवण, झीज, सगळं दिसतं, जे बार्बिकनच्या वरच्या बाल्कनीत बसलेल्याला दिसलं नसेल.

मध्यंतर धरून साडेतीन तासांच्या आसपास जातात. इंग्लिश जुनं आहे, कान बसायला वीस मिनिटं लागतात, आधी नाना जोगांचं किंवा कुठलंही मराठी भाषांतर एकदा चाळून गेलात तर मजा जास्त येईल. सोबत नाटक न बघणारं माणूस नेऊ नका, पहिल्या भागात ते चुळबुळ करेल आणि तुमचं लक्ष जाईल.

मार्क द्यायचेच तर सेटला पाचपैकी साडेतीन, त्यातले दोन एकट्या मातीचे. कपड्यांना साडेचार. लाइट्सना चार. अर्धा मार्क कपड्यांचा कापलाय तो किल्ल्यापायी, खरं तर तो प्रॉपर्टीवाल्यांचा कापायला हवा. नेपथ्य, वेशभूषा करणाऱ्या पोरापोरींनी वही पेन्सिल घेऊन जा, आणि मध्यंतर संपायच्या पाच मिनिटं आधी जागेवर येऊन बसा, वडापावच्या रांगेत ती मातीची पहिली झलक हुकली तर पुन्हा दाखवत नाहीत.